नागपुरात आरटीआय टाकताय? आधी फाईल बघा, मग कागद मागा

सिव्हिल लाइन्समध्ये एका गेटातून दुसऱ्या गेटात गेलं की माहिती अधिकाराचे नियम बदलतात. कायदा एकच आहे, २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू. पण कलेक्टर ऑफिसात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज आरामात चालतो, आणि तसाच अर्ज रिझर्व्ह बँकेत, महालेखाकार ऑफिसात किंवा वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स) नेला तर फीवरूनच अडतो, कारण ही केंद्राकडची ऑफिसं, इथं कोर्ट फी तिकीट नाही चालत, पोस्टल ऑर्डर, डीडी, रोख किंवा ऑनलाईन पैसे लागतात. राज्याच्या नियमात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, केंद्राच्या नियमात मर्यादा ५०० शब्दांची आणि शब्द जास्त झाले एवढ्याच कारणानं अर्ज नाकारू नका असं नियमातच लिहिलंय. पहिलं अपील राज्यात वीस रुपये, केंद्रात फुकट. हायकोर्टाला आणि विधिमंडळाला कलम २८ खाली आपापले वेगळे नियम करता येतात, ते अजून निराळंच.

हे सगळं एकसारखं करायला खरं म्हणजे कोणाची हरकत नसावी. फी दोन्हीकडे दहाच रुपये आहे, मग ती कशातून भरली यावरून अर्ज लटकायचं कारण काय? कायद्यानं फी आणि अपिलाचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला, राज्यांनी ते आपापल्या पद्धतीनं केले, आणि मधल्या मधे सामान्य माणूस फिरून राहिला. पण ते सरळ होईल तेव्हा होईल, तोवर आपला कागद कसा मिळवायचा ते बघू.

पहिले, आरटीआय लागतो का ते बघा

अर्धे लोक इथंच चुकीच्या खिडकीत उभे राहतात. जातीचा दाखला अडला, उत्पन्नाचा दाखला आला नाही, नळ कनेक्शन मिळालं नाही, तर त्यासाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात कोणती सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेलं आहे आणि नाही दिली तर त्याच कायद्यात अपील आहे. सातबारा, फेरफार तर ऑनलाईन निघतात. रस्त्यावर खड्डा पडला ही तक्रार आहे, आरटीआय नाही. आरटीआय म्हणजे ऑफिसच्या रेकॉर्डवर जे आधीपासून आहे त्याची प्रत किंवा ते बघायची परवानगी, बस. अर्ज अडकून पडलाय आणि तो कोणाच्या टेबलावर पडून आहे हे बघायचं असेल तेव्हा मात्र आरटीआयसारखं दुसरं हत्यार नाही, "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत" एवढं मागितलं तरी बरेचदा अर्जच हलून जातो.

मग ऑफिस कोणतं ते शोधा

नागपुरात हे वाटतं तितकं सोपं नाही. घरासमोरचा रस्ता महानगरपालिकेचा म्हणजे मनपाचा असेल, नासुप्रचा म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा असेल, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, हायवेवाल्यांचा असेल, आणि मेट्रोचं काम झालं त्या पट्ट्यात महामेट्रोनं काय केलं आणि मनपानं काय केलं हे त्यांनाच विचारावं लागतं. गुंठेवारीच्या लेआउटमधल्या लोकांना तर माहीतच आहे, आरएल लेटर म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, विकास शुल्क, नकाशा यातला कोणता कागद आज कोणत्या ऑफिसात आहे हे विचारत किती फिरावं लागतं.

चुकीच्या ऑफिसात गेला तरी अर्ज मरत नाही. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. कागदावर हे चांगलं आहे, पण प्रत्यक्षात हस्तांतरणाची पत्रं एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहतात आणि महिना जातो, म्हणून आधीच नीट पत्ता शोधलेला बरा. मनपात तर मुख्यालयातले विभाग वेगळे आणि दहा झोन वेगळे, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. गल्लीतल्या कामाची फाईल बहुतेक झोनमध्ये सापडते, मोठ्या प्रकल्पाची मुख्यालयात. जन माहिती अधिकारी कोण आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण याचा बोर्ड ऑफिसात लागलेला असतो, नसेल तर वेबसाईटवर बघा. व्यक्तीच्या नावानं अर्ज करायची गरज नाही, "जन माहिती अधिकारी, अमुक विभाग" पुरतं, साहेबांची बदली झाली तरी अर्ज जागेवर राहतो.

वेबसाईटवर गेलाच आहात तर "कलम ४" किंवा "१७ बाबी" असं लिहिलेलं पान उघडा. कायद्यानं प्रत्येक ऑफिसनं १७ प्रकारची माहिती न मागता स्वतःहून टाकायची आहे, अधिकाऱ्यांची कर्तव्यं, निर्णय कसा होतो, बजेट, कोणाला परवाने आणि सवलती दिल्या, कोणती कागदपत्रं कोणाच्या ताब्यात आहेत. आणि ती दरवर्षी अपडेट करायची आहे. बरेच ठिकाणी पीडीएफ जुनी पडलेली असते, रिटायर झालेल्या साहेबांची नावं तशीच. तरी वाचा, कारण कोणत्या कारकुनाकडे कोणतं रजिस्टर आहे हे तिथं कळलं की अर्जात त्या रजिस्टरचं नावच टाकता येतं.

सोमवारी दुपारी तीन ते पाच

आता या लेखातली मुख्य गोष्ट, जी अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. राज्य सरकारचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे, जिल्हास्तरावरच्या ऑफिसात आणि महानगरपालिका, नगरपरिषद अशा स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं, सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आधी पुणे मनपात असं सुरू होतं, तिथून ते राज्यभर घेतलं. उद्देशच हा होता की लोकांनी फाईल बघितली तर आरटीआयचे अर्ज आणि अपिलं कमी होतील. माझ्या मते नियम सोपे करायच्या नावाखाली झालेलं हे सगळ्यात कामाचं पाऊल आहे, आणि सगळ्यात कमी वापरलेलंही.

जाताना काय न्यायचं? ओळखपत्र, साध्या कागदावर दोन ओळींचा विनंती अर्ज, आणि परिपत्रकाची प्रिंट, कारण काउंटरवर "असं काही नसते भाऊ, तुम्ही आरटीआय टाका" हे ऐकायची तयारी ठेवा. भांडू नका, प्रिंट पुढे करा, शांतपणे म्हणा की साहेबांना दाखवा, आणि तरी नाही म्हटलं तर विनंती अर्जाची आवकला पोच घ्या.

फाईल हातात आली की घाबरून जाऊ नका. सरकारी फाईलचे दोन भाग असतात. एकीकडे टिपणी, म्हणजे कारकुनानं मांडलं, वरच्यानं शेरा मारला, त्याच्या वरच्यानं सही केली ती पानं. दुसरीकडे पत्रव्यवहार, म्हणजे आलेली-गेलेली पत्रं, आदेश, नकाशे, बिलं. लोक सहसा पत्रव्यवहारच चाळतात कारण तो जाड असतो, पण खरी गोष्ट टिपणीत असते. कोणत्या तारखेला प्रस्ताव मांडला, कोणी "चर्चा करावी" लिहून परत पाठवला, मधे किती महिने कोणाची सहीच नाही, हे सगळं तिथं तारीखवार मिळतं. पान क्रमांक, जावक क्रमांक, तारीख आणि सहीखालचं पद, एवढं वहीत उतरवा. मोबाईलनं फोटो काढू देतात का हे ऑफिसागणिक वेगळं, विचारूनच काढा. आणि हो, माहिती अधिकारातल्या अवलोकनाला राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे फक्त पेन्सिल आत नेता येते, पेन बाहेर ठेवावा लागतो, तर खिशात एक पेन्सिल असू द्या.

सोमवारचं जमलं नाही, किंवा तुमचं ऑफिस केंद्राचं आहे, तर अर्जातच लिहा की मला फाईलचं अवलोकन करायचं आहे. कलम २(जे) मध्ये तपासणी, टिपणं घेणं, प्रमाणित प्रत घेणं आणि बांधकामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंसुद्धा आहे. अवलोकनाचा पहिला तास फुकट, पुढे किरकोळ फी.

अर्ज लिहिताना प्रश्न विचारू नका

"माझ्या घरासमोरचा सिमेंट रोड घराच्या जोत्यापेक्षा वर का केला? पावसाचं पाणी घरात घुसते याला जबाबदार कोण? कारवाई कधी करणार?" राग अगदी रास्त आहे, नागपुरात अशी कितीतरी घरं आहेत. पण या अर्जाचं उत्तर तुम्हाला आजच सांगतो, "सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." आणि अपिलातही ते टिकायची शक्यता जास्त, कारण सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं की जे रेकॉर्डवर आहे तेच द्यायचं, नवीन माहिती तयार करून किंवा मत बनवून द्यायची जबाबदारी ऑफिसवर नाही. त्याच निकालानं परीक्षार्थींना आपली उत्तरपत्रिका बघायचा हक्कही दिला, तेही लक्षात असू द्या.

म्हणजे प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक कागद असतो, तो ओळखायचा. "रोड वर का केला" याचा कागद म्हणजे मंजूर एस्टिमेट आणि त्यातल्या लेव्हल दाखवणारा नकाशा. "काम खराब का" याचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात, आणि सिमेंटच्या क्यूबचे टेस्ट रिपोर्ट. "दुरुस्त कोण करणार" याचा कागद म्हणजे कार्यादेश आणि करारातली दोष दायित्व कालावधीची अट, म्हणजे काम बिघडलं तर किती काळ ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायचं ती. आता तोच अर्ज असा होतो:

*माहितीचा विषय:* अमुक प्रभागातील अमुक चौक ते अमुक चौक सिमेंट रस्त्याचे काम.
*कालावधी:* १ एप्रिल २०२३ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत.
*माहितीचे वर्णन:* वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. (१) मंजूर अंदाजपत्रक व लेव्हल दर्शविणारा नकाशा. (२) कार्यादेश व करारनाम्यातील दोष दायित्व कालावधीची अट. (३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने. (४) गुणवत्ता चाचणी अहवाल. (५) अदा केलेल्या देयकांच्या प्रती. (६) नस्तीतील टिपणीची सर्व पाने. प्रती देण्यापूर्वी नस्तीचे अवलोकन करू द्यावे.
*माहिती टपालाने की व्यक्तिशः:* व्यक्तिशः.
*अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय:* नाही.

एकच विषय, दीडशे शब्दांच्या पुष्कळ आत. हा राज्याचा जोडपत्र "अ" नमुना आहे, वर नाव आणि पत्ता, खाली सही-तारीख. माहिती कशासाठी हवी ते लिहू नका, कलम ६(२) प्रमाणे ते विचारताच येत नाही, आणि लिहिलं तर उगाच त्यावरच चर्चा सुरू होते. "सर्व माहिती", "संपूर्ण रेकॉर्ड", "गेल्या वीस वर्षांतील" असले शब्द टाळा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर कार्डाची प्रत जोडा, फी लागत नाही. अर्ज मराठीत, हिंदीत, इंग्रजीत कशातही चालतो, केंद्राच्या नागपूर ऑफिसातसुद्धा मराठी चालते, कारण कायद्यात त्या भागाची राजभाषा म्हटलंय.

फी, पोच आणि तीस दिवस

राज्याच्या ऑफिसला अर्जावरच दहाचं कोर्ट फी तिकीट लावा, कोर्टाजवळच्या स्टॅम्प व्हेंडरकडे मिळतं. केंद्राच्या ऑफिसला जीपीओतून दहाची पोस्टल ऑर्डर, "अकाउंट्स ऑफिसर" यांच्या नावे. ऑनलाईन करायचं तर राज्याचं आरटीआय पोर्टल वेगळं आणि केंद्राचं वेगळं, घाईत एकाच्या जागी दुसरं उघडू नका. हातानं दिला तर झेरॉक्सवर आवकचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. स्पीड पोस्टनं पाठवला तर पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट अर्जाच्या प्रतीला पिन करून ठेवा.

मुदत तीस दिवसांची. माणसाच्या जीवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तास. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला तर पाच दिवस जास्त धरा. यात एक खाच आहे, बरेच ऑफिस शेवटच्या आठवड्यात "एवढी पानं, एवढे रुपये भरा" असं पत्र पाठवतात, आणि पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात. म्हणून पत्र आलं की लगेच भरा. दर पानाला दोन रुपये, हजार पानांचे पैसे मागणारं पत्र आलं तर आधी अवलोकन मागा आणि लागतील तीच पानं घ्या. मुदत उलटून गेली तर मात्र कलम ७(६) प्रमाणे सगळं फुकट द्यावं लागतं, त्यानंतर पैसे मागितले तर भरू नका, हेच कलम लिहून कळवा.

नाही म्हटलं तर

नकाराच्या पत्रात कलम लिहिलेलं असायलाच पाहिजे, आणि पहिलं अपील कोणाकडे करायचं तेही. "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" हे कलम नाही, कलम ७(९) फक्त एवढंच म्हणते की मागितलेल्या स्वरूपात देणं जड जात असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या, नाकारा असं म्हणत नाही. "माहिती निरंक" म्हणजे नाही आहे, मग कागद होता आणि आता नाही असं असेल तर पुढच्या अर्जात त्या फाईलचं अभिलेख वर्गीकरण, म्हणजे ती किती काळ जपायची तो वर्ग, अ, ब, क की ड, आणि नष्ट केली असेल तर नाश नोंदवहीची प्रत मागा. फाईल गहाळ आहे हे उत्तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यामुळे ऑफिसलाच महागात पडू शकते, म्हणून ते लेखी घ्या, बरेचदा फाईल सापडते.

सगळ्यात अडचणीचं आता ८(१)(जे) झालंय, वैयक्तिक माहितीचं. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून, जे प्रकरण आपल्या विदर्भातल्याच, अकोल्याच्या पीएफ ऑफिसात काम केलेल्या अधिकाऱ्याबद्दलचं होतं, कर्मचाऱ्याची सेवा-मालमत्तेची माहिती नाकारली जातच होती. तरी सार्वजनिक हिताचा अपवाद त्या कलमातच होता, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही अशी ओळही होती. डेटा संरक्षण कायद्यानं नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही तिथून काढलं, आता फक्त "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलं. नियम सुटसुटीत करायचे म्हणजे असे नव्हेत, असं माझं स्पष्ट मत. यावर उपाय दोन. माहिती नावानिशी न मागता पदनिहाय मागा, आणि अर्जातच लिहा की वैयक्तिक मजकूर कलम १० प्रमाणे झाकून उरलेलं द्यावं. दुसरं, कलम ८(२) जसंच्या तसं शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, तर अपिलात ते हित दोन वाक्यांत मांडा. कंपनीच्या नावानं निघालेला कार्यादेश कोणा व्यक्तीची खासगी बाब होत नाही, हेही ठासून लिहा.

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून, किंवा मुदत संपल्यापासून, तीस दिवसांत, त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जोडपत्र "ब", वीसचं तिकीट. निर्णय तीस दिवसांत, कारण लिहून फार तर पंचेचाळीस. सुनावणीला जाच, भले पाच मिनिटांची असो, कारण समोरासमोर बसलं की अर्धे कागद तिथंच निघतात. माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही.

तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र "क", पुन्हा वीस रुपये. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यासाठी राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ. केंद्राच्या ऑफिसविरुद्ध दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे, पण दिल्लीला जावं लागत नाही, सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सनं होते. नंबर लागायला महिनोन्महिने जातात, हे धरूनच चाला. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यात गल्लत करू नका, तक्रारीत आयोग दंड करू शकतो पण कागद द्यायचा आदेश देत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ च्या मणिपूर प्रकरणात हे सांगितलंय. कागद हवा असेल तर अपीलच. दंड रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो आणि अपिलातही मागता येतो, म्हणून शेवटच्या ओळीत मागून ठेवा.

सुनावणीला जाताना एका पानावर तारखांचा तक्ता करा, अर्ज कधी, उत्तर कधी, पहिलं अपील कधी, आदेश कधी, आणि कोणता कागद अजून आला नाही. जाड बाडापेक्षा ते एक पान आधी वाचलं जातं. आदेश तुमच्या बाजूनं झाला तर त्यात किती दिवसांत द्यायचं हे लिहिलेलं आहे का ते बघून घ्या, आणि ती मुदत टळली की दुसऱ्याच दिवशी आयोगाला लेखी कळवा, सोबत आदेशाची प्रत लावून.